टोईकसाठी व्यावसायिक इंग्रजी शब्दसंग्रह: पहिल्या सराव चाचणीपासून परीक्षेच्या दिवसापर्यंत

ध्वनिमुद्रणात एक बाई सहकाऱ्याला सांगते, 'द प्रिंटर ऑन द सेकंड फ्लोअर इज जॅम्ड अगेन.' प्रश्न विचारला जातो, अडचण काय आहे? चार पर्यायांत 'प्रिंटर' नाही आणि 'जॅम्ड'ही नाही. एका पर्यायात 'सेकंड फ्लोअर' हे शब्द जसेच्या तसे आहेत, पण तो पर्याय चूक आहे. बरोबर उत्तर आहे 'सम इक्विपमेंट इज नॉट वर्किंग प्रॉपर्ली'. 'इक्विपमेंट' म्हणजे उपकरणं हे पाठ असलेला विद्यार्थीही इथे अडखळतो, कारण त्याने तो शब्द एकटा पाठ केलेला असतो. प्रिंटर म्हणजेच इक्विपमेंट, हे त्याच्या डोक्यात कधी जोडलं गेलेलंच नसतं.

टोईक म्हणजे कामाच्या ठिकाणचं इंग्रजी तपासणारी परीक्षा. तिचा शब्दसंग्रह तयार करताना हे सतत डोळ्यांसमोर ठेवायचं. परीक्षा थेट अर्थ क्वचित विचारते. एक गोष्ट वेगळ्या शब्दांत समोर आली तर ती ओळखता येते का, आणि शब्द आपल्या सोबतीच्या शब्दांत नीट बसवता येतो का, हे ती तपासते. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टींभोवती बांधली आहे. हातात बारा आठवडे आणि रोज साधारण एक तास आहे असं धरून ती लिहिली आहे.

परीक्षेत शब्द कुठे कामाला येतात

टोईकच्या लिसनिंग अँड रीडिंग परीक्षेत २०० प्रश्न असतात. ऐकण्याच्या १०० प्रश्नांना सुमारे ४५ मिनिटं, वाचनाच्या १०० प्रश्नांना ७५ मिनिटं. दोन्ही विभागांना प्रत्येकी ५ ते ४९५ गुण, म्हणजे एकूण १० ते ९९०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

ऐकण्यात चार भाग आहेत: छायाचित्रांचे ६ प्रश्न, प्रश्न आणि प्रतिसादाचे २५, संभाषणांचे ३९ आणि एकाच व्यक्तीच्या निवेदनांचे ३०. वाचनात गाळलेल्या जागांचे ३०, छोट्या मजकुरातल्या गाळलेल्या जागांचे १६ आणि उताऱ्यांचे ५४. पाचव्या भागातल्या गाळलेल्या जागांना शब्दाचं रूप आणि सोबत लागते, तर तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या भागाला अर्थाची अदलाबदल. पहिल्या भागाचा शब्दसंग्रह अगदीच वेगळा. त्यात व्यवसाय फारसा नसतो. शिडी, कठडा, फळी, ढकलगाडी अशा दिसणाऱ्या वस्तू असतात.

ही परीक्षा कामाच्या ठिकाणचं रोजचं इंग्रजी तपासते, व्यवसायशास्त्राचं ज्ञान तपासत नाही. लेखापालनातल्या आणि शेअर बाजारातल्या जड संज्ञांच्या याद्या पाठ करण्यात कित्येक आठवडे वाया जातात, म्हणून त्या सरळ बाजूला ठेवा. 'इन्व्हॉइस', 'वॉरंटी', 'इन्व्हेंटरी', 'इटिनररी' हे शब्द मात्र झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत.

आधी मोजमाप

पहिल्या शनिवारी एक पूर्ण सराव चाचणी घड्याळ लावून सोडवा. गुण किती पडले ते टिपून ठेवा, पण त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचं काम महत्त्वाचं. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि अंदाजाने बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा काढा आणि त्याच्यापुढे चारपैकी एक अक्षर लिहा.

'क': शब्दच माहीत नव्हता. 'ख': शब्द माहीत होता, पण इथला अर्थ वेगळा निघाला. 'ग': लिहिलेला ओळखला असता, कानाला कळला नाही. 'घ': अर्थ माहीत होता, पण कोणतं रूप किंवा कोणतं शब्दयोगी पद (प्रिपोझिशन) लावायचं ते कळलं नाही.

आता अक्षरं मोजा. बहुतेकांचा समज असतो की आपला सगळा घोटाळा 'क'मध्ये आहे. ज्यांचं शिक्षण थोडंफार इंग्रजीतून झालं आहे, त्यांच्या बाबतीत 'ख' आणि 'घ' यांची बेरीज अनेकदा 'क'पेक्षा जास्त भरते. अशा विद्यार्थ्याने रोज तीस नवे शब्द पाठ केले तरी गुण जागचे हलत नाहीत, आणि तो कंटाळून सोडून देतो. ओळखीच्या शब्दांची अनोळखी बाजू शिकणं हे त्याचं काम असतं. 'क' निम्म्याहून जास्त असेल, तर मात्र पुढचे चार आठवडे नव्या शब्दांनाच द्या.

कोणते शब्द घ्यायचे

दोन गाळण्या लावा. पहिली गाळणी वारंवारतेची. 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' नावाची सुमारे २,८०० सामान्य शब्दांची यादी इंटरनेटवर मोफत मिळते. तिच्याच जोडीला टोईकसाठी काढलेली सुमारे १,२०० शब्दांची 'टोईक सर्व्हिस लिस्ट' आहे. आधी सामान्य यादी चाळा. प्रत्येक शब्दापुढे एक सेकंद थांबा. अर्थ लगेच आला तर पुढे जा, नाही तर खूण करा. त्या २,८०० शब्दांत शंभराहून जास्त खुणा झाल्या, तर व्यावसायिक शब्दांआधी तेच भरून काढावे लागतील. पाया कच्चा असताना 'प्रोक्युअरमेंट' शिकून उपयोग नाही.

दुसरी गाळणी तुमच्या स्वतःच्या चुकांची. सराव चाचणीतून निघालेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा नेहमी वरचा, कारण तो तुम्हाला ज्या वाक्यात अडला ते वाक्य तुमच्याजवळ आहे.

हिशेब साधा आहे. रोज १० शब्द, आठवड्यात पाच दिवस, बारा आठवडे, म्हणजे ६०० शब्द. प्रत्येकासोबत त्याचं कुटुंब, म्हणजे त्याची इतर रूपं, आणि सोबतीचे शब्द येतात, त्यामुळे प्रत्यक्षात पदरात याच्या दुप्पट-तिप्पट पडतं. आठवड्याचे उरलेले दोन दिवस नवा शब्द घ्यायचा नाही, हा नियम मोडू नका.

एक कार्ड नीट बनवणं

कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, ही सवय पहिल्याच दिवशी सोडा. 'रीइम्बर्स' हा शब्द घेऊन पाहू.

पुढच्या बाजूला वाक्य: 'द कंपनी विल ____ यू फॉर ट्रॅव्हल एक्स्पेन्सेस.' खाली एका ओळीत खूण: कर्मचाऱ्याने आधी पदरचा केलेला खर्च कंपनी नंतर भरून देते. मागच्या बाजूला शब्दाचं रोमन स्पेलिंग, आणि ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर येतो त्याखाली रेघ. इथे तो शेवटच्या 'बर्स'वर येतो. त्याखाली सोबत: 'रीइम्बर्स समवन फॉर समथिंग', 'सबमिट रिसीट्स', 'एक्स्पेन्स रिपोर्ट'. मग कुटुंब: नाम 'रीइम्बर्समेंट'. मग दुसरा वेश: 'पे बॅक', किंवा 'ट्रॅव्हल कॉस्ट्स विल बी कव्हर्ड'. सगळ्यात शेवटी सीमारेषा: 'रिफंड'पेक्षा वेगळं काय? घेतलेली वस्तू परत केली किंवा सेवा मिळाली नाही म्हणून विक्रेता पैसे परत देतो, तो 'रिफंड'. मराठीत आपण दोन्हीला 'परतावा' म्हणतो, आणि गुंतवणुकीवरच्या 'रिटर्न'लाही परतावाच म्हणतो. मागे नुसतं 'परतावा देणे' लिहिलं असतं, तर तिन्ही शब्द कायमचे एकमेकांत मिसळले असते.

एका कार्डाला दोन-तीन मिनिटं लागतात, दहा कार्डांना पंचवीसेक मिनिटं. तयार संच उतरवून घेतला तर हा वेळ वाचतो, पण कार्ड बनवताना जी उलथापालथ डोक्यात होते तीच निम्मी शिकवणी असते. तयार संच घ्यायचाच असेल, तर त्यातला शब्द घ्या, वाक्य मात्र स्वतःच्या सराव पुस्तिकेतलं घाला.

गाळलेली जागा समोर ठेवण्यामागे कारण आहे. शब्द बघून 'हो, माहीत आहे' म्हणणं सोपं असतं आणि फसवं असतं. शब्द आठवून बाहेर काढावा लागला की तो पक्का बसतो, आणि मग परीक्षेत नुसता दिसला तरी क्षणात ओळखू येतो.

उजळणीचं वेळापत्रक

विसरण्यावरचे प्रयोग हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली मांडले, आणि शिकल्यानंतर विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं हे तेव्हापासून माहीत आहे. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी. 'अंकी'सारखं सॉफ्टवेअर हे अंतर आपोआप सांभाळतं. कागदी कार्डं वापरणाऱ्यांसाठी सेबास्टियन लाइटनर यांची १९७०च्या दशकात लोकप्रिय झालेली खोक्याची पद्धत आजही तितकीच चांगली आहे: पाच कप्पे करायचे, आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात टाकायचं, चुकलेलं थेट पहिल्या कप्प्यात.

आठवड्याला ५० नवी कार्डं आणि प्रत्येकाच्या पाच उजळण्या धरल्या, तर घडी बसल्यावर आठवड्याला २५० उजळण्या होतात. चुकलेली कार्डं पुन्हा येतात ती धरून ३००. म्हणजे रोज साधारण ४३, एका कार्डाला दहा सेकंद, जेमतेम सात-आठ मिनिटं. इतकं कमी काम असूनही बहुतेकांचं वेळापत्रक चौथ्या आठवड्यात कोसळतं. कारण एकच: सुरुवातीच्या उत्साहात रोज तीस-चाळीस नवे शब्द घेतलेले असतात, आणि त्यांच्या उजळण्या एकदम अंगावर येतात. उजळणी थकलेली कार्डं शंभराच्या वर गेली, तर ती संपेपर्यंत नवा एकही शब्द घेऊ नका. एखादं कार्ड सहा वेळा चुकलं, तर दोष कार्डात आहे असं समजा. ते फाडा आणि वेगळ्या वाक्यावर नव्याने बनवा.

शब्दाचं कुटुंब, आणि फसवे प्रत्यय

पाचव्या भागात एकाच शब्दाची चार रूपं देऊन जागा भरायला सांगणारे प्रश्न हमखास असतात. 'वी आर स्टिल वेटिंग फॉर द मॅनेजर्स ____.' पर्याय: 'अप्रूव्ह', 'अप्रूव्ह्ड', 'अप्रूव्हल', 'अप्रूव्हिंग'. मालकीदर्शक रूपानंतर नाम हवं, म्हणून 'अप्रूव्हल'. वाक्याचा अर्थ पूर्ण कळला नाही तरी हा गुण मिळतो.

शेवट बघून शब्दाची जात ओळखायची सवय लावाच, पण नेमक्या तिथेच फसवणारे तीन गट आहेत आणि परीक्षेला ते फार आवडतात. पहिला गट 'अल'ने संपणाऱ्या नामांचा: 'प्रपोजल', 'अप्रूव्हल', 'रिन्यूअल', 'अरायव्हल'. दिसतात विशेषणासारखी, असतात नामं. दुसरा 'टिव्ह'ने संपणाऱ्या नामांचा: 'रिप्रेझेंटेटिव्ह', 'इनिशिएटिव्ह', 'इन्सेंटिव्ह', 'ऑब्जेक्टिव्ह'. तिसरा 'ली'ने संपणाऱ्या विशेषणांचा: 'टाइमली', 'कॉस्टली', 'ऑर्डर्ली', 'फ्रेंडली'. 'इन अ टाइमली मॅनर' हा वाक्प्रयोग तर जसाच्या तसा पाठ करावा असा आहे.

आणखी एक खाच माणूस आणि वस्तू यांच्यातली. 'ऑल ____ मस्ट सबमिट टू लेटर्स ऑफ रेफरन्स' इथे 'ॲप्लिकंट्स' की 'ॲप्लिकेशन्स'? दोन्ही नामं, दोन्ही अनेकवचनी. पत्रं सादर करतो तो माणूस, अर्ज स्वतः काही सादर करत नाही, म्हणून 'ॲप्लिकंट्स'. 'अटेंडी', 'अटेंडंट' आणि 'अटेंडन्स' हे त्रिकूट एकाच कार्डावर घ्या: कार्यक्रमाला आलेली व्यक्ती, सेवेसाठी नेमलेला माणूस, आणि हजेरी किंवा उपस्थिती. 'कॉम्पिटिटर' आणि 'कॉम्पिटिशन', 'सुपरवायझर' आणि 'सुपरव्हिजन' यांचंही तसंच करा.

मराठीची ओढ

बाजारातल्या सराव पुस्तकांत हा भाग सहसा सापडत नाही, कारण ती कोणत्याही एका मातृभाषेसाठी लिहिलेली नसतात. पण मराठीत विचार करणाऱ्याचे गुण सगळ्यात जास्त इथेच गळतात.

'पर्यंत' हा शब्द घ्या. 'शुक्रवारपर्यंत अहवाल द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील'. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'बाय', दुसऱ्या ठिकाणी 'अंटिल'. काम त्या क्षणाच्या आत एकदाच पुरं व्हायचं असेल तर 'बाय'. स्थिती त्या क्षणापर्यंत चालू राहायची असेल तर 'अंटिल'. गाळलेल्या जागेच्या आधी 'सबमिट', 'कम्प्लीट', 'फिनिश' दिसलं की 'बाय'. 'रिमेन', 'स्टे', 'लास्ट' दिसलं की 'अंटिल'. 'पोस्टपोन'नंतर मात्र 'अंटिल'च येतं: 'पोस्टपोन्ड अंटिल मंडे', कारण तोवर बैठक लांबलेलीच राहते.

मग 'देणे' आणि 'घेणे'. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. आपण ऑर्डर देतो, तिथे 'प्लेस ॲन ऑर्डर'. 'गिव्ह ॲन ऑर्डर'चा अर्थ हुकूम सोडणं असा होतो. आपण बैठक घेतो, तिथे 'होल्ड अ मीटिंग'. आपण मुदत पाळतो, तिथे 'मीट अ डेडलाइन'. मालाची मोजदाद 'टेक इन्व्हेंटरी', पाहणी 'कंडक्ट अ सर्व्हे', रिकामी जागा भरणं 'फिल अ पोझिशन'. क्रियापद आणि नाम ही जोडी एकच शब्द समजून कार्डावर लिहायची.

विभक्तीही ओढते. 'विषयी चर्चा' म्हणून हातून 'डिस्कस अबाउट' लिहिलं जातं. 'डिस्कस'ला काही लागत नाही. 'त्यांच्याशी संपर्क' म्हणून 'कॉन्टॅक्ट विथ'. क्रियापद म्हणून वापरलं तर 'कॉन्टॅक्ट'लाही काही लागत नाही. 'बैठकीला हजर' असलं तरी 'अटेंड'नंतर 'टू' नाही. उलट 'कम्प्लाय'ला 'विथ' हवंच, 'एलिजिबल'ला 'फॉर', 'स्पेशलाइज'ला 'इन', 'इन चार्ज'ला 'ऑफ'.

अनेकवचनाची सवय तपासा. 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'फीडबॅक', 'मर्चंडाइज', 'ॲडव्हाइस' यांना 'एस' लागत नाही. ऐकताना 'इक्विपमेंट्स' खटकत नसेल, तर या सात शब्दांची वाक्यं आठवडाभर रोज मोठ्याने म्हणा.

शेवटची ओढ आपल्याकडच्या इंग्रजीची. बैठक अलीकडे आणणं म्हणजे 'प्रीपोन' असं आपण सर्रास म्हणतो. परीक्षेत 'मूव्ह अप' येईल, आणि पुढे ढकलण्यासाठी 'पुश बॅक' किंवा 'पुट ऑफ'. 'पुश बॅक'मध्ये 'बॅक' दिसला की मराठी मनाला बैठक मागे, म्हणजे अलीकडे आली असं वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे, त्यामुळे हे कार्ड पहिल्याच आठवड्यात करा. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं नव्हे, पूर्वस्थितीला जाणं. उत्तर देण्यासाठी 'रिप्लाय' किंवा 'गेट बॅक टू'. 'गोडाऊन'ऐवजी 'वेअरहाऊस', 'बायोडेटा'ऐवजी 'रेझ्युमे', 'फ्रेशर'ऐवजी 'एंट्री-लेव्हल', 'झेरॉक्स'ऐवजी 'फोटोकॉपी'.

ओळखीचे चेहरे, वेगळे अर्थ

'ख' अक्षर जास्त आलेल्यांनी एक स्वतंत्र वही करावी. 'आउटस्टँडिंग' म्हणजे उत्कृष्ट, पण 'आउटस्टँडिंग बॅलन्स' म्हणजे थकीत रक्कम. 'मिनिट्स' बैठकीचं इतिवृत्त. 'इश्यू' मासिकाचा अंक, आणि 'इश्यू अ रिफंड'मध्ये पैसे परत करणं. 'ॲड्रेस अ कन्सर्न' म्हणजे तक्रारीची दखल घेऊन ती सोडवणं. 'कव्हर अ शिफ्ट' म्हणजे दुसऱ्याची पाळी सांभाळणं. 'फर्म' म्हणजे कंपनी, 'फाइन' म्हणजे दंड, 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज. 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट' म्हणजे मोफत न्याहारी.

सातव्या भागात उताऱ्यातला एक शब्द देऊन 'याच्या सर्वांत जवळचा अर्थ कोणता' असा प्रश्न येतो. त्या शब्दाचा सगळ्यात परिचित अर्थ पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असतो. पर्याय आधी न बघता, उताऱ्यातल्या त्या वाक्यात शब्द झाकून तिथे काय बसेल ते मनात ठरवा आणि मगच पर्याय वाचा.

एका प्रसंगाचे सगळे शब्द एकत्र

अकारविल्ह्यानुसार शब्द शिकू नका, घटनांच्या ओघात शिका. एका ऑर्डरचा प्रवास असा: ग्राहक 'कोट' मागतो, 'पर्चेस ऑर्डर' पाठवतो, 'कन्फर्मेशन' येतं, माल 'इन स्टॉक' असतो किंवा 'बॅकऑर्डर्ड', मग 'शिपमेंट', 'ट्रॅकिंग नंबर', 'डिलिव्हरी', 'इन्व्हॉइस', 'पेमेंट ड्यू', आणि काही बिघडलंच तर 'डॅमेज्ड', 'डिफेक्टिव्ह', 'एक्स्चेंज', 'रिफंड', 'वॉरंटी'. हे शब्द उताऱ्यात याच क्रमाने भेटतात, त्यामुळे एक दिसला की पुढचे डोक्यात आधीच जागे होतात. वाचनाचा वेग वाढतो तो इथे.

नोकरभरतीचाही तसाच ओघ: 'ओपनिंग', 'पोस्टिंग', 'ॲप्लिकंट', 'क्वालिफिकेशन्स', 'इंटरव्ह्यू', 'रेफरन्स', 'ऑफर', 'ओरिएंटेशन', 'परफॉर्मन्स रिव्ह्यू', 'प्रमोशन', 'ट्रान्सफर', 'रिटायर', 'रिप्लेसमेंट'. प्रवास, इमारतीची देखभाल, परिषद, अंदाजपत्रक, कारखाना आणि उत्पादन, उपाहारगृहातलं आरक्षण यांचे ओघ स्वतः काढा. आठवड्याला एक प्रसंग पुरतो.

अदलाबदलीची वही

आता मूळ मुद्द्याकडे. प्रत्येक सराव चाचणीनंतर तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या भागातलं प्रत्येक बरोबर उत्तर घ्या आणि ते मूळ मजकुरातल्या कोणत्या शब्दांवर उभं आहे ते शोधा. वहीचं पान उभं दुमडा; डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे उत्तरातले शब्द. 'शॉर्ट-स्टाफ्ड' आणि 'नॉट इनफ एम्प्लॉईज'. 'सोल्ड आऊट' आणि 'नो लाँगर अव्हेलेबल'. 'ट्वेंटी पर्सेंट ऑफ' आणि 'अ डिस्काउंट'. 'फ्री ऑफ चार्ज' आणि 'ॲट नो कॉस्ट'. 'व्हॅन' आणि 'व्हेइकल'. 'बर्थडे पार्टी फॉर अ कोवर्कर' आणि 'अ सोशल इव्हेंट'.

पन्नास-साठ जोड्या झाल्या की एक कल नजरेस येतो. उत्तर बहुधा एक पायरी वर असतं: मजकुरात नेमकी वस्तू, उत्तरात तिचा वर्ग. व्हॅनची 'व्हेइकल' होते, खुर्च्यांचं 'फर्निचर', बिलाचं आणि पावतीचं 'डॉक्युमेंट'. म्हणून वर्ग सांगणारे शब्द आधी पक्के करा: 'इक्विपमेंट', 'सप्लाइज', 'मर्चंडाइज', 'व्हेइकल', 'फॅसिलिटी', 'डॉक्युमेंट', 'बेव्हरेज', 'क्लायंट', 'प्रॉपर्टी', 'इव्हेंट'. चाळीसेक शब्दांचा हा गट बाकी कोणत्याही चाळीस शब्दांपेक्षा जास्त गुण देतो, असं आमचं ठाम मत आहे.

आठवड्यातून एकदा उजवी बाजू झाकून डावीकडून म्हणा, मग डावी झाकून उलट.

कानासाठी

कार्डावरचा शब्द ज्या दिवशी लिहिला, त्याच दिवशी ऐकला नाही तर तो अर्धाच शिकला जातो. शब्दकोशाच्या संकेतस्थळावर अमेरिकी आणि ब्रिटिश दोन्ही उच्चार ऐका. परीक्षेत अमेरिकी, कॅनेडियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन असे आवाज येतात. 'शेड्यूल' अमेरिकी तोंडी 'स्केज्युल' होतो. दोन स्वरांमधला 'ट' अमेरिकी उच्चारात मऊ पडतो आणि 'मीटिंग' जवळजवळ 'मीडिंग' ऐकू येतं. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन बोलण्यात शब्दाच्या शेवटचा 'र' गळतो.

जोराचंही बघा. 'पर्सनल' म्हणजे खासगी, पहिल्या अवयवावर जोर. 'पर्सोनेल' म्हणजे कर्मचारीवर्ग, शेवटच्यावर जोर. 'रेकॉर्ड', 'कॉन्ट्रॅक्ट', 'इन्क्रीज' हे शब्द नाम म्हणून आले की जोर सुरुवातीला, क्रियापद म्हणून आले की नंतरच्या अवयवावर.

रोज पंधरा मिनिटं एकाच निवेदनावर काम करा. एकदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा संहिता समोर ठेवून ऐका आणि न कळलेल्या जागी रेघ मारा, तिसऱ्या वेळी बोलणाऱ्याच्या पाठोपाठ अर्ध्या सेकंदाच्या अंतराने स्वतः बोला. ज्या शब्दावर जीभ अडखळते, तोच शब्द कानही सोडून देतो.

दुसऱ्या भागात सारख्या आवाजाचे सापळे असतात: प्रश्नात 'कॉपी' आणि चुकीच्या उत्तरात 'कॉफी', प्रश्नात 'वर्क' आणि उत्तरात 'वॉक'. प्रश्नातला शब्द उत्तरात जसाच्या तसा किंवा मिळत्याजुळत्या आवाजात आला, तर सावध व्हा.

पहिल्या भागासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'द शेल्व्ह्ज आर बीइंग स्टॉक्ड' म्हणजे कुणीतरी आत्ता फळ्यांवर माल लावत आहे; चित्रात माणूस नसेल तर हे बहुधा चूक. 'द शेल्व्ह्ज हॅव बीन स्टॉक्ड' म्हणजे लावून झालेलं आहे, माणसाची गरज नाही. 'बीइंग डिस्प्लेड' हा अपवाद: मांडून ठेवलेल्या वस्तूंसाठी माणूस नसतानाही तो चालतो.

शेवटचे दोन आठवडे

अकराव्या आठवड्यापासून नवे शब्द बंद, म्हणजे ६०० ऐवजी ५०० होतील, ते चालतं. या काळात दर तीन-चार दिवसांनी एक पूर्ण चाचणी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच 'क', 'ख', 'ग', 'घ' खूण. पहिल्या आठवड्याच्या आकड्यांशेजारी हे आकडे लिहा. 'घ' घटला नसेल, तर उरलेल्या दिवसांत फक्त सोबतीच्या शब्दांची कार्डं काढून बसा.

वेळेचा सरावही आताच. पाचव्या भागाला दहा मिनिटं, म्हणजे प्रश्नाला वीस सेकंद. सहाव्याला आठ. सातव्यासाठी सत्तावन्न मिनिटं उरतात आणि ती सगळी लागतात. रूप ओळखण्याचा प्रश्न असेल, तर पूर्ण वाक्य न वाचता जागेच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन शब्द पाहून उत्तर द्या; तिथे पाच-सात सेकंदांतही भागतं. चारही पर्याय वेगवेगळे शब्द असतील, तर मात्र वाक्य शेवटपर्यंत वाचा, कारण किल्ली बहुधा शेवटच्या शब्दांत असते.

प्रत्यक्ष परीक्षेत शब्द अजिबात माहीत नसला, तर आधी जात बघा, मग शेजारचं शब्दयोगी पद बघा, आणि तरीही ठरत नसेल तर विसाव्या सेकंदाला एक पर्याय रंगवून पुढे सरका. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि सातव्या भागातले उतारे बाकी असले, तर आधी 'जवळचा अर्थ कोणता' हे प्रश्न शोधून सोडवा. त्यांना पूर्ण उतारा वाचावा लागत नाही, त्या एका वाक्यावर भागतं. मग उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर रंगवा. उत्तरपत्रिकेवर एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.